काचेच्या डब्यातून बोरघाट: मुंबई-पुणे व्हिस्टाडोमचा रिव्ह्यू, आणि बरंचसं बर्कलेसाहेबाबद्दल

मुंबई-पुण्याचा व्हिस्टाडोम, म्हणजे गाडीला लागणारा काचेच्या छताचा डबा, घ्यावा की नको, पैसे वसूल होतात का, असं ओळखीतले सारखे विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी: पावसाळ्यात घ्या, आईवडील किंवा लहान पोरं बरोबर असतील तर घ्या, एरवी मार्च-एप्रिलमध्ये उघड्या बोडक्या डोंगरासाठी एवढे पैसे घालवू नका. आणि घेतलाच तर वर आकाश बघत बसू नका, खाली बघा. खाली म्हणजे रुळाकडे, दगडी भिंतींकडे, बोगद्यांच्या तोंडांकडे. खरा माल तिथे आहे.

आधी डब्याबद्दल. चेन्नईच्या आयसीएफमध्ये, म्हणजे रेल्वेच्या डबे बनवायच्या कारखान्यात, बनलेला डबा, ४४ सीटा, छताला काच, बाजूच्या खिडक्या एवढ्या मोठ्या की गुडघ्यापासून डोक्यापर्यंत बाहेरचं दिसतं, सीट फिरते त्यामुळे "खिडकी मला पाहिजे" वरून भांडण नाही. जून २०२१ मध्ये डेक्कन एक्सप्रेसला हा डबा पहिल्यांदा लागला, मग त्याच वर्षी डेक्कन क्वीनला, आणि २०२२ मध्ये प्रगती परत सुरू झाली तेव्हा तिलाही. भाडं एसी चेअर कारपेक्षा बरंच जास्त. सीट आरामशीर आहेत यात वाद नाही, माझी आत्या बरोबर होती, तिचे गुडघे कुरकुरतात, तिने पाय लांब करून बसून घेतलं आणि कल्याणपर्यंत मस्त झोप काढली, म्हणजे सीटला तिच्याकडून पाच पैकी पाच.

काचेच्या छताचं मात्र मला एवढं काही वाटलं नाही. एक तर लाईन इलेक्ट्रिक, त्यामुळे वर बघितलं की आधी तारा दिसतात, खांब दिसतात, मग उरलं तर आकाश. ऊन चढलं की काच तापते. पाऊस पडत असेल तेव्हा मात्र डोक्यावर पाणी आपटून ओघळताना बघायला भारी वाटतं, त्याला तोड नाही. टोकाला उभं राहून बघायची जी गॅलरी आहे तिथे पोरांची झुंबड असते, आणि तुमचा डबा गाडीच्या शेपटाला असेल तर कर्जतनंतर त्या काचेतून दरी नाही, चढावर ढकलायला मागे लागलेल्या बँकर इंजिनचं तोंड दिसणार हे धरून चाला. (मला ते जास्त आवडतं, पण सगळ्यांची आवड अशी नसते.)

माझी मुख्य तक्रार वेगळीच आहे. एवढा घाट दाखवायला एवढा डबा बनवला, पण आपण काय बघतोय हे सांगणारं काहीच नाही. एक छापील कागद सीटवर ठेवायला किती खर्च येतो? त्यामुळे लोक "वॉव धबधबा" करून रील काढतात आणि परत मोबाईलमध्ये. ज्या माणसाने ही लाईन आखली त्याचं नाव डब्यातल्या दहा जणांना विचारलं तर एकालाही सांगता येणार नाही, पैज लावतो. आत्याला विचारलं तर म्हणाली, "इंग्रजांनी बांधली, अजून कोणी?" तर ते अजून कोणी म्हणजे जेम्स जॉन बर्कले. खालचा भाग त्याच्यासाठी, आणि गाडी ज्या क्रमाने जाते त्याच क्रमाने सांगतो म्हणजे पुढच्या वेळी तुम्हालाच गाईड होता येईल.

बर्कले १८१९ चा, लंडनचा, किंग्ज कॉलेजात शिकलेला. तिकडे रॉबर्ट स्टीफन्सन या तेव्हाच्या नावाजलेल्या रेल्वे इंजिनिअरच्या हाताखाली रेल्वेचं काम शिकला, स्टॅफर्डशायरकडच्या लायनींवर काम केलं. म्हणजे मोठं नाव वगैरे नव्हतं, चांगला होतकरू इंजिनिअर एवढंच. १८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आपली जीआयपी, कंपनी उभी राहिली आणि मुंबईला पाठवायला चीफ रेसिडेंट इंजिनिअर पाहिजे होता तेव्हा स्टीफन्सनने याचं नाव सुचवलं. वय तीस. आजच्या हिशोबाने टीम लीडचं वय, आणि याच्यापुढे काय तर एक अख्खा देश जिथे रेल्वेने अजून एकही प्रवासी नेलेला नाही आणि समोर सह्याद्री.

१८५० च्या सुरुवातीला तो मुंबईत उतरला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी सायनजवळ कामाची पहिली कुदळ पडली, म्हणजे दादर सोडून गाडी सायनवरून धडधडत जाते तेव्हा आपण सुरुवातीच्या जागेवरून चाललेलो असतो आणि कोणाच्या गावीही नसतं. १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी सगळ्यांना माहीत आहे, चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, एकवीस तोफा, साहिब सिंध सुलतान ही तीन इंजिनं, शाळेत पाठ केलेलं. पण ती लाईन म्हणजे तसं बघितलं तर सपाट जमिनीवरचं काम, २१ मैल. लोक तिथेच थांबतात, वाढदिवस साजरा करतात, आणि त्याच माणसाने पुढची आठ वर्षं ज्याच्यावर घालवली ते विसरतात. पुढच्या वर्षी, मे १८५४ मध्ये, ठाण्याची खाडी ओलांडून लाईन कल्याणला पोचली. कल्याणला आत्या उठली आणि चहा मागितला. चहा कोमट होता, पण तो आम्ही फलाटावरच्या कोणाकडून घेतला होता, डब्याच्या खात्यावर टाकत नाही.

कल्याणच्या पुढे खरा प्रश्न होता की वर चढायचं कुठून. कंपनीचा मूळ बेत माळशेज घाटाचा होता, म्हणजे लंडनमध्ये नकाशावर रेघ ओढून झालेलीच होती. ज्यांनी माळशेज बघितलाय त्यांना हसू येईल. बर्कले आणि त्याच्या माणसांनी डोंगर पायाखाली घातले, मोजमापं केली, आणि माळशेज बाद करून दोन वेगळ्या वाटा धरल्या: नाशिककडे जायला थळघाट म्हणजे आपला कसारा, आणि पुण्याकडे बोरघाट. माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम हेच, बोगदे-पूल नंतरचे. वरिष्ठांनी ठरवून टाकलेली वाट साइटवर जाऊन बघायची आणि नाही म्हणायचं, हे आजही किती जणांना जमतं ते ऑफिसात काम करणाऱ्या कोणालाही विचारा.

आता कर्जत. इथे गाडी थांबते, खाली उतरून वडा घ्या, हा रिव्ह्यू त्याबद्दल नाही पण तरी घ्या. आणि वडा खात खात मागे बघा, बँकर लागताना दिसतील, गाडीच्या मागून ढकलायला जास्तीची इंजिनं. कारण इथून पुढे चढ आहे ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. मोटारीला हे काहीच नाही, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, रेल्वेसाठी हा भयंकर चढ आहे, आणि हा आकडा बर्कलेच्या वेळचा आहे. वाफेच्या काळी घाटासाठी खास वेगळी टँक इंजिनं आणली होती, पुढे मागे लावून गाडी वर न्यायची. नंतर डीसी करंट आला, मग दहाएक वर्षांपूर्वी तो जाऊन एसी आला, इंजिनं किती बदलली, पण मागून ढकलायची पद्धत तीच. सगळी टेक्नॉलॉजी पालटली आणि डोंगराने त्याची अट काही बदलली नाही.

कर्जत सुटलं की लगेच पळसदरी. इथून एक फाटा उजवीकडे खोपोलीला जातो, ज्याच्यावर आता लोकल धावते. तो फाटा उगाच नाहीये. १८५६ मध्ये लाईन आधी खोपोलीपर्यंत पोचली, घाटाच्या पायथ्याशी. मग १८५८ च्या जूनमध्ये वरून खंडाळा ते पुणे सुरू झाली. आणि मधला घाट? तो १८६३ पर्यंत बंद. म्हणजे पाच वर्षं लोक मुंबईहून खोपोलीपर्यंत रेल्वेने यायचे, तिथे उतरून पालखीत नाहीतर तट्टावर नाहीतर बैलगाडीत बसून घाट चढायचे आणि खंडाळ्याला परत रेल्वेत. आत्याला हे सांगितल्यावर तिचा पहिला प्रश्न, "आणि सामान?" बरोबर आहे. सामानाचं काय करत असतील ते सामानवालेच जाणे.

आता घाट. मोबाईल ठेवा.

बर्कलेच्या लाईनचे आकडे असे: लांबी पंधरा मैल आणि वर थोडं, म्हणजे पंचवीसेक किलोमीटर, चढण १८३१ फूट, बोगदे पंचवीस, मोठे व्हायाडक्ट, म्हणजे दरीवरचे कमानींचे पूल, आठ, छोटे पूल वेगळे. खर्च अकरा लाख पौंडांच्या आसपास. आणि हे सगळं कशाने तर सुरुंगाची दारू, पहार, घण आणि माणसं. डायनामाइट तेव्हा जन्माला यायचं होतं. सह्याद्रीचा काळा कातळ, तुम्ही कधी घराच्या पायासाठी फोडायला काढला असेल तर माहीत असेल काय चीज आहे. काही ठिकाणी कडा एवढा सरळ की माणसं दोरावर वरून सोडायची, लटकत लटकत कातळात भोकं पाडायची. बोगदा आला की डब्यात अंधार होतो आणि सगळे "ओऽऽ" करतात, तेव्हा काचेला नाक लावून बघा, डब्यातल्या उजेडात कातळ हातभर अंतरावरून सरकताना दिसतो. साध्या डब्यातून हे एवढं दिसत नाही, इथे व्हिस्टाडोमला पूर्ण मार्क.

काम १८५६ च्या सुरुवातीला सुरू झालं, कंत्राट मिळालं फेव्हिएल नावाच्या माणसाला, ठाण्याच्या लाईनचं काम केलेला हाच. याच्या काळात मजुरांचे पैसे थकले. मधले पोटकंत्राटदार, मुकादम, सगळ्यांनी हात मारून झाल्यावर खाली काही पोचतच नव्हतं. जानेवारी १८५९ मध्ये मजूर उठले, गोऱ्या ओव्हरसियरांना मारहाण झाली, एक गोरा त्यात मेला. चौकशी झाली तर निघालं काय की मजुरांची तक्रार खरी होती. १८६० चा मालक-मजूर तंट्यांचा कायदा आला त्याच्यामागे हा घाट आहे. इतिहासाच्या पुस्तकात हे कुठेतरी तळटीपेत असतं, असायला पाहिजे पहिल्या पानावर.

फेव्हिएल काम सोडून गेला आणि सॉलोमन ट्रेडवेल आला. आला आणि महिन्याच्या आत आजारी पडून मेला. झालं, आता काय? तर त्याची बायको ॲलिस, नवऱ्याबरोबर नुकतीच मुंबईला उतरलेली, तिने कंत्राट सोडलं नाही. ॲडमसन आणि क्लाउझर हे दोन इंजिनिअर रोजचं काम बघायला ठेवले आणि अख्खा घाट पुरा करून दिला. १८६० साल, परका देश, नवरा गेलेला, आणि हाताखाली हजारो माणसं. जानेवारी १८६१ मध्ये घाटावर ४२,००० माणूस कामाला होता. बेचाळीस हजार! आजचं अख्खं लोणावळा कामाला लावलं तरी जेमतेम पुरेल. ॲलिसबाईंच्या नावाचा निदान एक बोगदा तरी पाहिजे होता असं मला दर वेळी वाटतं.

आणि या ४२,००० मधली किती घरी गेली हा प्रश्न डब्यात बसून भजी खाताना विचारू नये पण मी विचारणार. कॉलरा, हिवताप, दरड, सुरुंग. हजारोंनी मेली, त्यांचे आकडे नीट कोणी ठेवले नाहीत. मेलेल्या साहेबांच्या कबरींवर नावं आहेत, यांच्या कुठे काहीच नाही. बर्कलेचं कौतुक मी करतोय पण हे बाजूला ठेवून करायचं म्हटलं तर ते कौतुक खोटं.

बर्कले यात कुठे होता? वर. म्हणजे आखणी त्याची, तपासणी त्याची, कंपनीला उत्तर द्यायला तोच, आणि त्याच वेळी कसारा घाटाचं काम, त्याच्यापुढची खानदेश-वऱ्हाडाकडची लाईन, पुण्यापुढे सोलापूरची लाईन, सगळं एकदम. देशी कंत्राटदारांना काम द्यायला तो तयार असायचा, जमशेटजी दोराबजी नावाच्या पारशी कंत्राटदाराने कंपनीची बरीच कामं उचलली आणि चांगली करून दाखवली. १८६० मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेत याचा भारतीय रेल्वेवरचा पेपर आला त्याला टेलफर्ड पदक मिळालं. तब्येत मात्र गेली. मध्ये एकदा हवापालट म्हणून विलायतेला जाऊन आला, परत कामावर. १८६१ मध्ये विलायतेला गेला तो शेवटचाच.

ठाकूरवाडी सोडून मंकीहिलकडे गाडी सरकते, दोन्हीकडे पाणी कोसळत असतं, धुकं खिडकीला चिकटतं, आणि डब्यात एका ग्रुपने ब्लूटूथ स्पीकर लावलेला असतो. आमच्या वेळी होता. आत्याने त्यांना शाळेतल्या बाईंच्या आवाजात "बाळांनो, बंद करा ते" सांगितलं आणि त्यांनी केलं, म्हणून डब्यात अशी एक आत्या सोबत असलेली बरी.

इथे दोन गोष्टी बघा. एक, बाजूला वर चढत जाऊन डोंगरात संपणारे रूळ दिसले तर ते कॅच सायडिंग. पुण्याहून उतरणारी गाडी ठरलेल्या ठिकाणी थांबून दाखवते, ब्रेक हातात आहे हे सिद्ध करते, मगच तिला पुढची वाट मिळते. नाहीच थांबली तर ती त्या चढावर जाऊन थांबणार, खाली दुसऱ्या गाडीवर नाही. म्हणून परतीला गाडी मध्येच थांबली की "सिग्नल नाही वाटतं" म्हणून वैतागू नका.

दोन, रिव्हर्सिंग स्टेशन, जे आता दिसणार नाही. बर्कलेच्या लाईनची ही सगळ्यात डोकेबाज जागा. डोंगराची सोंड अशी अरुंद की गाडी वळवायला वाटच नाही आणि चढ तर ३७ ला १ च्या वर जाऊ द्यायचा नाही. मग त्याने काय केलं, लाईन सोंडेच्या टोकापर्यंत नेली, तिथे स्टेशन केलं, इंजिन पुढून काढून मागे लावायचं आणि गाडी उलट्या तोंडाने सोंडेच्या दुसऱ्या अंगाने खंडाळ्याकडे चढवायची, डोंगर चढणारा गुराखी नागमोडी चालतो तशी. १९२९ च्या सुमाराला नवीन मोठे बोगदे काढून ही लाईन सरळ केली, विजेची इंजिनं आली आणि जून १९३० मध्ये डेक्कन क्वीन धावायला लागली. बऱ्याच लोकांना वाटतं की अमृतांजन पूल हा रेल्वेचा जुना पूल होता. तो रस्त्याचा होता, १८३० चा, रेल्वेच्या कितीतरी आधीचा, आणि एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये पाडला.

सगळं काही पर्फेक्ट होतं असंही नाही. जुलै १८६७ मध्ये, म्हणजे घाट सुरू होऊन जेमतेम सव्वाचार वर्षं झाली तोवर, त्यातला एक मोठा दगडी व्हायाडक्ट कोसळला. बाहेरून घडीव दगड आणि आत भरताड, असल्या बांधकामाचे प्रकार त्या काळात जीआयपीवर पुढे बरेच निघाले आणि दुरुस्त्यांवर पैसा गेला. आखणी एक नंबर आणि बांधकामावर नजर कमी पडली, असं माझं मत. एवढ्या लांबीचं काम एका माणसाच्या नजरेत मावणारच नव्हतं हेही खरं, पण सही त्याची होती.

२१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या हस्ते घाट सुरू झाला. बर्कले तिथे नव्हता. तो आठ महिने आधी, २५ ऑगस्ट १८६२ ला लंडनजवळ सिडनहॅमला वारला. बेचाळिसाव्या वर्षी. कसारा घाट तर त्याच्यानंतर १८६५ मध्ये खुला झाला. आत्या हे ऐकून जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "अरे मग त्याने एकदाही नाही बघितला पूर्ण?" नाही. आपण पैसे देऊन बघतो, त्याने नाही बघितला.

खंडाळा येतं, लोणावळ्याला बँकर सुटतात, अर्धी गाडी चिक्की घ्यायला उतरते. लोणावळ्यापुढे व्हिस्टाडोममध्ये बघण्यासारखं काही नाही, शेतं, मग तळेगाव, मग पुण्याच्या बिल्डिंगी. म्हणून ज्यांना फक्त घाटच बघायचाय त्यांनी लोणावळ्यापर्यंतचं तिकीट काढलं तरी चालेल.

मार्क द्यायचे तर डब्याला साडेतीन. एक मार्क माहितीच्या कागदाचा कापला, अर्धा तारांचा. घाटाला पाच, आणि ते डब्याच्या भाड्यात धरू नका, जनरलच्या दारात बसणाऱ्यालाही तेवढेच मिळतात.

बुकिंगचं: जुलै-ऑगस्टमधले शनिवार-रविवार लगेच भरतात, मधला वार बघा. पावसाचा जोर फार असेल तर घाटात दरडी येतात, गाड्या उशिरा धावतात नाहीतर रद्द होतात, सकाळी निघायच्या आधी स्टेटस बघून निघा. सकाळी मुंबईहून जाणारी गाडी बरी, उजेड चांगला मिळतो, संध्याकाळी वर जाणाऱ्या गाडीला पावसाळ्यात घाटात पोचेपर्यंत अंधारून येतं आणि मग काचेत स्वतःचंच तोंड दिसतं. एसी जोरात असतो, ज्येष्ठांसाठी शाल ठेवा. आणि कर्जतला वडा डब्यात आणून खाणार असाल तर लसणाची चटणी सांभाळून, त्या सीटांचा रंग फिका आहे.